पुसलेला स

कौनासच्या ग्रंथालयाचं तळघर, खोका क्रमांक एकोणतीस.
आत एकाच कादंबरीचे तीन मसुदे,
एस्तोनियनमधून लिथुएनियनमध्ये, बाहत्तर ते शहात्तर.
अनुवादक एमिलिया रिमशेने,
दिवसा दुधाच्या कारखान्यात हिशेबनीस.

लेएलो वारिक तार्तूहून आलीय
सुती हातमोजे घालून, एक प्रश्न घेऊन.
प्रबंधात त्याला साडेतीन ओळींचं शीर्षक आहे
आणि आईच्या भाषेत एकच शब्द: तेमा.

तेमा म्हणजे तो. तेमा म्हणजे ती.
तेमा दार ढकलून येतं, कोट न काढता बसतं,
तीनशे पानं निवेदकाच्या जिवाला लागून राहतं
आणि तार्तूतल्या वाचकाला विचारावंसंही वाटत नाही.
कौनासमध्ये मात्र यिस की यी
हे सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही.
फरक एका अक्षराचा. एक स.

पहिल्या मसुद्यात स आहे.
दुसऱ्यात ब्लेडनं खरवडलाय,
इतका, की अडतिसाव्या पानाला भोक पडलंय
आणि त्यातून पुढच्या पानावरचा बर्फ दिसतो.
तिसऱ्यात स परत आलाय, पेन्सिलीनं,
घर सोडून गेलेल्या माणसासारखा
दाराशीच घुटमळत.

मार्गदर्शक म्हणाले होते, मोजा.
लेएलोनं मोजलं. चारशे बारा तेमा,
त्यांचे दोनशे सहा यिस, एकशे एकोणनव्वद यी.
उरले सतरा. सगळे सातव्या अध्यायातले.
तिथे सर्वनामच नाही.
कोट आत आला. कोटानं चहा मागितला.
कोट रात्रभर खोकला.
(कोट पुल्लिंगी, पण ते पाप शिंप्याचं.)

एमिलियाच्या शेजारच्या वेरुटेबाई, वय एक्याण्णव,
बटाटे सोलता सोलता बोलल्या:
हो, वर्षभर राहायचं ना कोणीतरी तिच्याकडे.
जिन्यात बूट झटकायचं. खोकायचं फार.
राखाडी कोट खुंटीवर नंतरही कित्येक वर्षं होता.
कसर लागली, तरी दिला नाही तिनं कोणाला.

(मराठीत निदान हे 'कोणीतरी' आहे.
त्याच्या आड थंडीत उभं राहता येतं.)

परतीच्या बसमध्ये, रिगा मागे पडल्यावर,
लेएलोनं वही उघडली.
टिपणं तिच्या भाषेत, तिच्या घाईच्या अक्षरात:
तेमा जिन्यात बूट झटकायचं. तेमा खोकायचं.
दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, बोट ठेवून.

वेरुटेबाई तर लिथुएनियन बोलत होत्या.
म्हणजे त्यांनी सांगितलं होतं.
ससकट किंवा सशिवाय,
निदान दहा वेळा, बटाट्याच्या सालीइतकं सहज.
आणि ऐकता ऐकता हिच्याच हातानं
तो खरवडून टाकला होता.
ब्लेडसुद्धा लागलं नव्हतं.

रेकॉर्डरमध्ये सुरी, बादली, नळाचं पाणी,
मध्येच बाईंचं हसणं, आणि त्या हसण्याखाली
ते अक्षर असेल किंवा वाफेचा आवाज असेल.
किटलीही स च म्हणते.

फोन करायला दोन महिने गेले.
सुनेनं उचलला.
मागच्याच मंगळवारी, म्हणाली. झोपेत.
तुम्ही त्या बटाट्यांच्या दिवशी आलेल्या का?

तळटीप एकशे चार:
ही माहिती उपलब्ध होती.
प्रस्तुत संशोधकाच्या अनुवादात गेली.

तार्तूत प्रबंधाला एक अधिकृत विरोधक असतो.
हे हेलसिंकीहून आलेले, त्यांच्याही भाषेत
तो आणि ती एकाच शब्दात नांदतात.
तळटिपेवर थांबले. चष्मा पुसला.
कोष्टकाबद्दल, पद्धतीबद्दल विचारतील म्हणून
लेएलोनं कागद पुढे ओढले.

त्यांनी विचारलं, कोटाचं काय झालं?

खोक्यात नाही, ती म्हणाली.